एक ते पाच

कास्त्रोहून खोक्यात फॉर्म आले, साठ घरांसाठी एकसष्ट,
आणि एक सूचना: उत्तरं सुचवू नका.
मी सुचवत नाही. चिखलातून बूट ओढत जाते,
दार वाजवते, विचारते,
या साथीचा धोका तुम्हाला किती वाटतो,
एक म्हणजे मुळीच नाही, पाच म्हणजे फार.

एदुविना बार्रिया म्हणाली, कुणाला धोका?
म्हटलं, तुम्हाला.
मला एक. तिकडे सांतियागोत पाच लिही,
तिकडे माणसं एकमेकांच्या श्वासात उभी असतात.
आमच्याकडे वारा आहे.
आणि उठून तिनं खिडकी लावून घेतली, वारा फार म्हणून.
चुलीवर निलगिरीची पानं उकळत होती,
आत सहा माणसं, एक मांजर,
काचांवरून ओघळणारं पाणी.

रोसामेल खाटकानं पाचावर बोट आपटलं.
या तापाला डुकराचं नाव ज्यानं ठेवलं
त्याला आण माझ्यासमोर.
तीन आठवडे तुकडा खपला नाही.
बोटीवरून उतरणारे नाकाला रुमाल लावून जातात दुकानापुढून,
जसं काही फळीवरचं मुंडकं शिंकणार आहे.
आणि हेच लोक रविवारी घरचं डुक्कर कापतात,
आळी बोलावून, बोटांवरची चरबी चाटत.
विचारलं तर म्हणतात, ते ओळखीचं होतं.

'इतर कारणे' मध्ये मी लिहिलं: ओळखीचं.

हुकमाप्रमाणे मास्तरीणबाईंनी शाळेला कुलूप लावलं,
आणि अकरा मुलं त्यांच्या स्वयंपाकघरात पाढे म्हणत होती.
शाळा बंद आहे ना, बाई?
बंदच आहे, म्हणाल्या. ही कुठे शाळा आहे.

क्लोदोमिरो मियालोंको जाळं सांधत बसला होता.
समुद्राचा रकाना दाखव, म्हणाला.
तो नाही, म्हटलं.
माझा भाऊ खाडीत गेला तेव्हा पाणी आरशासारखं होतं.
त्या सकाळी तू आली असतीस
तर मी एक सांगितलं असतं. हसून.
मग आज काय लिहू?
बराच वेळ तो एकच गाठ ओढत राहिला.
माहीत नाही, असं लिही. पण मोठं लिही.
फॉर्मवर त्याची चौकट तांदळाएवढी आहे.

प्रश्न नववा: गेल्या सात दिवसांत आपण
दुसऱ्याच्या भांड्याला तोंड लावणं टाळलंत का?
टाळलं, टाळलं, म्हणतात सगळे, आणि माटे भरतात.
एकच भोपळा, एकच नळी.
घरची बाई आधी स्वतः ओढते,
मग पुन्हा गरम पाणी घालून शेजारच्याला देते,
तिथून परत, पुन्हा पाणी, पुढचा,
आणि मग मी.
नळी मागच्या ओठांनी कोमट असते.
नको म्हणायचं तर त्याचा अर्थ होतो, तुमचं तोंड नको.
हे वाक्य या बेटावर मी अजून ऐकलेलं नाही.
'होय' वर खूण केलेला कागद मांडीवर उपडा ठेवून
मी प्याले. बेचाळीस घरी.

रात्री जास्तीच्या फॉर्मवर माझंच नाव घातलं, पेन्सिलनं.
वय एकतीस. व्यवसाय, विचारणे.
घसा खवखवतोय. धुराचा असेल, लाकडं ओली आहेत,
किंवा दिवसभर बोलून.
एदुविनाच्या नातीला संध्याकाळच्या बोटीनं नेलं
असं खाली धक्क्यावर कुणी सांगत होतं.
दातांचा ताप म्हणे. असतो, त्या वयात.
मी पेन्सिल तीनवर टेकवली.
तीन म्हणजे काय, हे सूचनांत कुठेच दिलेलं नाही.

किटली वाजली. सवयीनं भरला मी भोपळा,
सवयीनं पहिला घोट माझा, कडू जातो तो.
मग वडिलांचा हात पुढे आला चुलीपलीकडून,
दम्यानं बारीक झालेला, खात्रीचा.
मी नळी बाहीला पुसली
आणि दिली.